फक्कीकाकांच्या बेचाळीस रेघा

फक्कीकाका उलटे चालायचे. म्हणजे घरी चारचौघांसारखे सरळच चालायचे, पण मैदानावर त्यांना पुढे तोंड करून चालताना फारसं कुणी पाहिलं नव्हतं. तळाला भोकं पाडलेला पत्र्याचा डबा हातात, कमरेत वाक, आणि एकेक पाऊल मागे. डब्यातून पांढरी फक्की झरत जायची आणि ताणलेल्या दोरीच्या कडेने रेघ उमटायची. शाळेच्या मैदानावर तीस वर्षं त्यांनी अशा रेघा मारल्या. रेघ अशी, की तिच्यावरून मुंगी निघाली तर शेवटपर्यंत तिला वळावं लागू नये. एकदा सामन्यात भांडण पेटलं, चेंडू रेघेच्या आत पडला की बाहेर. पंचाने हात झटकले आणि म्हणाला, काकांना विचारा. काका वाकले, फक्की कुठे उडालीय ते पाहिलं, आणि स्वतःच्याच शाळेच्या विरुद्ध निकाल देऊन मोकळे झाले. मुख्याध्यापक त्यानंतर आठवडाभर त्यांच्यावर घुश्शात होते. पण रेघेवरून पुन्हा कुणी भांडलं नाही.

तरी काकांची खरी कीर्ती रेघांची नव्हे, बोटांची. व्हॉलीबॉल खेळताना चेंडू बोटाच्या टोकावर येऊन आदळला की बोट मुडपतं, सुजतं, वाकेनासं होतं. असं एखादं पोर रडवेलं होऊन सामानाच्या खोलीत आलं की काका त्याला उपड्या घमेल्यावर बसवायचे, दुखरं बोट आपल्या मुठीत घ्यायचे आणि म्हणायचे, "हं, एकोणिसाचा पाढा म्हण." पोर चक्रावून जायचं. इथे जीव जातोय आणि हा माणूस पाढे विचारतोय! पण काकांपुढे सुटका नसायची. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस, असं गाडं अडखळत पुढे सरकायचं, आणि "एकोणीस पंचे" आलं की पंच्याण्णव तोंडातून बाहेर पडायच्या आत काका बोट खसकन ओढायचे. कट्ट! "बसलं," काका म्हणायचे, "पळ आता." त्यामुळे झालं असं, की त्या शाळेतल्या सगळ्या खेळाडूंना एकोणिसाचा पाढा पंच्याण्णवपर्यंत घडाघडा यायचा आणि पुढे सगळा अंधार. गणिताच्या बाईंनी डोक्याला हात लावला होता.

ही विद्या काकांकडे त्यांच्या चुलत्यांकडून आली होती. चुलते पूर्वी बैलाचा मुरगळलेला पायसुद्धा ओढून बसवायचे. एकदा बैलाने चुलत्यांनाच बसवलं, तेव्हापासून त्यांनी माणसांच्या बोटांवर समाधान मानलं.

घरात मात्र या विद्येला कवडीची किंमत नव्हती. काकांची थोरली लेक इस्पितळात एक्स-रे काढायची. हाडं बघून बघून तिची जीभही हाडासारखी झालीय, असं काकूंचं म्हणणं. जेवताना विषय निघायचाच.

"अण्णा, तुमच्या मुठीतून आतलं हाड दिसतं का हो?"

"आवाजावरून कळतं."

"आवाज मोडतानाही येतो."

"तुझं यंत्र काल आलं. लहानपणी तुझंही बोट मीच बसवलंय, विसरलीस?"

"कशी विसरेन? थंडी पडली की आठवण करून देतं ते."

मग ती त्यांना समजावायची, की वाढत्या वयातल्या हाडाला टोकाजवळ एक मऊ जागा असते, हाड तिथून लांब होतं. तिथे इजा झाली आणि ती कुणी पाहिली नाही, तर पुढे बोट वाकडं वाढू शकतं. हात टेकून पडलेल्या पोराचं मनगट वरून नुसतं सुजल्यासारखं दिसतं, आणि आत तडा असतो. आई-बाप तेल चोळत बसतात. काका मान डोलवायचे आणि ताटात लक्ष घालायचे. तीस वर्षांत एकाही पोराने परत येऊन तक्रार केली नव्हती. ज्यांची बोटं बिघडली ती पोरं दुसरीकडे गेली असतील, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. विद्या जमली की माणूस हिशेब फक्त जमेचाच ठेवतो.

आता टाचणी. ही तेरा वर्षांची, काडीसारखी पोरगी. नाव टाचणी पडलं ते अंगकाठीवरून, आणि टिकलं ते जिभेवरून. आई-बाप कामाला दूरगावी, ही इथे आजीपाशी. संघात तिचं काम सेटरचं, म्हणजे आलेला चेंडू दोन्ही हातांच्या बोटांवर झेलून जाळीशेजारी उंच उचलून द्यायचा, की दुसरीने तो पलीकडे हाणावा. चेंडू तिच्या बोटांवर यायचा तेव्हा आवाज होत नसे. खेळाचे सर म्हणायचे, ही पोरगी चेंडूला उचलत नाही, समजावते. जिल्ह्याच्या संघाची निवड आठ आठवड्यांवर आली होती आणि टाचणीचं नाव सगळ्यांनी मनात लिहून ठेवलं होतं.

एका संध्याकाळी सरावात चेंडू वेडावाकडा आला आणि तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकावर बसला. ती आली ती रडत नव्हती, चिडली होती. घमेल्यावर बसली आणि काकांनी विचारायच्या आतच पाढा सुरू केला. दारात पाचसहा पोरी गर्दी करून उभ्या. एकोणीस पंचे, आणि काकांनी ओढलं.

आवाज आला नाही.

काकांच्या मुठीला ते कळलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच मूठ रिकामी राहिल्यासारखी वाटली. त्यांनी पोरीच्या तोंडाकडे पाहिलं, दारातल्या पोरींकडे पाहिलं. सगळ्या वाट बघत होत्या.

"बसलं," काका म्हणाले. आणि वर एक पुस्ती जोडली, की बोट आखडलंय, रोज कोमट पाण्यात शंभर वेळा वाकवायचं आणि उघडायचं, म्हणजे मोकळं होईल.

दुसरं एखादं पोर असतं तर दहा वेळा करून विसरलं असतं. टाचणी शंभर म्हटलं की वर वीस घालणारी. आठ दिवस तिने घड्याळ लावून बोट वाकवलं.

आठव्या दिवशी काका कोर्टाची मागची रेघ मारत उलटे येत होते, आणि जाळीपाशी हात वर करून उभी असलेली टाचणी त्यांना दिसली. नऊ बोटं आकाशाकडे. मधल्या बोटाचं शेवटचं पेर मात्र पाणी न मिळालेल्या रोपासारखं मान टाकून. काकांनी डबा खाली ठेवला.

"ते बोट सरळ कर बघू."

"सरळच करतेय," टाचणी म्हणाली. "ते ऐकत नाही."

अर्धी रेघ तशीच सोडून, हातावरची फक्की न धुता ते तिला घेऊन निघाले. आधी तिच्या घरी, तिथून आजीला बरोबर घेऊन इस्पितळात. वाटेत आजी विचारत होती की इतकं काय झालंय, आणि एरवी कुंपणावरच्या कावळ्याशीही गप्पा मारणारे काका नुसतं हूं हूं करत होते.

लेकीने पोरीचं बोट पाहिलं, बापाचे पांढरे हात पाहिले. जिभेला हाड असलेली लेक गप्प बसली, तेच काकांना जास्त लागलं. तिने एक्स-रे काढला. हाताच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण समजावण्यात सावकाश. त्यांनी फोटो उजेडाला धरला. बोटाच्या पाठीवरून एक दोरी जाते, त्या म्हणाल्या, ती शेवटचं पेर वर उचलते. चेंडूच्या माराने ती दोरी हाडाचा बारीक कण घेऊन सुटलीय. पडद्याची दोरी आकड्यातून निसटली की पडदा खाली येतो, तसं.

"मी ओढलं म्हणून सुटली का?" काकांनी विचारलं. आजीने तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही. दोरी चेंडूने सुटली, त्या म्हणाल्या. ओढून काही साधलं नाही. आणि रोज शंभर वेळा वाकवलं, तेव्हा दर वेळी ती थोडी आणखी लांब गेली. पण अजून वेळ आहे. लहान वयात हाडं आणि दोऱ्या दोन्ही शहाण्या असतात, त्यांना फक्त त्रास देऊ नये.

उपाय ऐकायला पोरखेळ वाटावा असा होता. बोटाच्या टोकाला प्लास्टिकची छोटी पन्हळ बसवायची, चिकटपट्टीने बांधायची आणि पेर सरळ ठेवायचं. बेचाळीस दिवस. झोपताना, अंघोळ करताना, शिंकताना, भांडताना, सरळ म्हणजे सरळ. रोज एकदा पन्हळ काढून कातडी पुसून कोरडी करायची, पण तेव्हाही बोट टेबलावर सपाट टेकलेलं हवं. एकदा, अगदी पापणी लवेपर्यंत जरी पेर खाली पडलं, तरी नव्याने धरू लागलेली दोरी सुटते, आणि मोजणी पुन्हा एकपासून.

टाचणीने बोटांवर हिशेब केला. बेचाळीस दिवस नीट गेले तर निवडीआधी सहा दिवस हातात उरत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघू, पट्टी बांधून उभं राहता येईल कदाचित.

आता रोज पन्हळ बदलणार कोण? आजीने आपले दोन्ही हात पुढे केले. वाऱ्यातल्या पानासारखे ते थरथरत होते.

"मी करतो," काका म्हणाले.

लेकीने खुर्ची ओढली आणि स्वतःचं बोट टेबलावर ठेवलं. "आधी माझ्यावर करून दाखवा," म्हणाली. दहा वेळा तिने त्यांच्याकडून करून घेतलं. अंगठ्याचा आधार टोकाखाली, पन्हळ पुढे सरकवायची, पुसायचं, वाळू द्यायचं, नवी पट्टी. हेच ते बोट, लहानपणी त्यांनी खसकन ओढलेलं. काकांनी ते इतकं हळू धरलं होतं, की नवव्या वेळी लेक म्हणाली, "अण्णा, बोट आहे, फुलपाखरू नाही." पण आवाजातलं हाड गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सामानाची खोली बदलली. जाळ्या एका कोपऱ्यात गेल्या, खांब दुसऱ्या. मधोमध पाय न हलणारं टेबल आलं. भिंतीवर काकांनी बोट फक्कीत बुडवून, दिवसाला एक अशी पहिली उभी रेघ ओढली. रोज सरावाच्या वेळी टाचणी यायची, हात टेबलावर ठेवायची, आणि पट्टी सुटेपर्यंत पाढा म्हणायची. आता ओढणारं कुणी नव्हतं, तेव्हा पाढ्याला पुढे जाणं भागच होतं. पंच्याण्णवनंतर दोघंही पहिल्या दिवशी थबकले. मग काकाच म्हणाले, "एकोणीस सक एकशे चौदा." आठवड्याभरात एकोणीस दाहे एकशे नव्वदपर्यंत मजल गेली. गणिताच्या बाईंना कुणी तरी ही बातमी सांगितली. त्यांचा विश्वास बसला नाही.

मधल्या काळात इतर पोरं आपापली सुजलेली बोटं घेऊन यायचीच. काका म्हणायचे, दुकान बंद. बर्फ लाव, हात वर धर, आणि आजच्या आज इस्पितळात दाखव. पोरं म्हणायची, काका घाबरले. काका म्हणायचे, "घाबरलोच आहे बाबांनो. आधीच घाबरलो असतो तर बरं झालं असतं."

भिंतीवर तेहतीस रेघा झाल्या. टाचणी डाव्या हाताने जेवायला शिकली, डाव्या हाताने लिहायला शिकली, आणि डाव्या हाताने काढलेली चित्रं उजव्यापेक्षा बरी येतात असा तिला शोध लागला. उरलेले नऊ दिवस ती मिनिटांत सांगू लागली होती.

चौतिसाव्या दिवशी फक्कीची नवी पोती आली होती. त्यातलं एक उसवलेलं. खोलीत पांढरं धुकं. काकांनी खिडकी उघडली, टेबल पुसलं, टाचणीचा हात ठेवला, पट्टी सोडवली, पन्हळ सरकवली, अंगठा टोकाखाली नेला, आणि त्यांना शिंक आली.

साधी शिंक. दिवसातून चार यायच्या त्यांना, तीस वर्षं. हात हलला, बोट टेबलाच्या कडेवरून घसरलं आणि पेराने मान टाकली. डोळ्याचं पातं लवेपर्यंतच. काकांनी लगेच उचलून धरलं. पन्हळ घातली, पट्टी बांधली. दोघंही भिंतीकडे बघत होते.

"कुणी पाहिलं नाही," टाचणी हळूच म्हणाली.

काका पट्टीची टोकं दाबून बसवत राहिले.

"एवढंसंच पडलं, काका. दोरीला कळलंसुद्धा नसेल. नऊ दिवस तर राहिलेत." मग तिचा आवाज फाटला. "मी कुणाला सांगणार नाही, तुम्ही शिंकलात ते."

तिने हे त्यांच्यासाठीही म्हटलं होतं, आणि तेच अवघड होतं. काकांना ठाऊक होतं, गप्प बसलं तर पोरीची निवड वाचते आणि आपली अब्रूही. आणि कुणी सांगावं, दोरी शाबूत असेलही. जगात सगळंच मोडत नाही. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. सकाळीच मारलेली कोर्टाची रेघ उन्हात लखलखत होती. त्यांनी घमेलं ओढलं आणि ज्यावर इतकी वर्षं पोरांना बसवलं, त्यावर स्वतः बसले.

"त्या पहिल्या दिवशी," काका म्हणाले, "आवाज आला नव्हता."

"कसला?"

"बोट बसल्याचा. मला कळलं होतं. दारात पोरी उभ्या होत्या, म्हणून मी बसलं म्हणालो. तुझे आठ दिवस त्या एका शब्दाने खाल्ले." मग ते तिच्याकडे वळले. "आज पुन्हा तेच म्हणू का? तूच सांग."

टाचणी उठून निघून गेली. काकांनी फडकं भिजवलं आणि भिंतीवरच्या तेहतीस रेघा एकेक करून पुसल्या. पुसायला मारण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मग ते इस्पितळात जाऊन लेकीला आणि डॉक्टरीणबाईंना घडलं तसं सांगून आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकपासून. सरांना सांगितलं तेव्हा सर शिट्टी तोंडात धरून नुसते उभे राहिले, वाजवायचं विसरून. लेकीने मात्र त्या दिवशी बापाच्या ताटात स्वतः वाढलं, आणि जेवताना विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी टाचणी आली नाही. काका टेबल पुसून, फक्कीची पोती बाहेर हलवून, नाकाला रुमाल बांधून बसले होते. दरोडेखोर दिसताय, असं एक पोरगं म्हणून गेलं. तिसऱ्या दिवशी ते तसेच बसले. पन्हळ बदलली नाही तर कातडी पांढरी पडते, ओली राहते, आणि मग पोरं कंटाळून ती काढूनच टाकतात, हे लेकीने सांगितलेलं त्यांना आठवत होतं. आजीकडे जाऊन यावं म्हणून ते चप्पल शोधत होते, तेवढ्यात दारात सावली पडली.

टाचणी आत आली, टेबलापाशी बसली, हात सपाट ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं. पन्हळ जागच्या जागी होती. पट्टीवर आणखी एक पट्टी, तिच्यावर आणखी एक. पेर पडू नये म्हणून दोन दिवस तिने एका हाताने पट्ट्या चढवल्या होत्या. काकांनी त्या सोडवल्या. पाढा कुणी म्हटला नाही. काम झाल्यावर तिने डावं बोट फक्कीत बुडवलं आणि भिंतीवर तीन रेघा ओढल्या. वाकड्या आल्या. काकांनी त्या सरळ केल्या नाहीत.

निवड नेमकी याच मैदानावर होती. त्या सकाळी काका दोरी ताणायला उभे राहिले, तर पलीकडच्या टोकाला खुंटीऐवजी टाचणी. डाव्या हातात दोरीचं टोक, उजवा हात छातीशी. काका उलटे चालत तिच्याकडे येत गेले. जवळ पोचले तेव्हा ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या सेटवर चेंडू बाहेर गेला ना, तर मला हसू येईल. आधीच सांगून ठेवते."

"हस की," काका म्हणाले. "फक्त बोट वाकवू नको."

तिच्या जागी दुसरी एक मुलगी निवडली गेली. टाचणीने तिला टाळी द्यायला डावा हात उचलला, समोरचीने उजवा, आणि टाळी हवेतच राहिली.

बेचाळिसाव्या रेघेच्या दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या त्या खोलीत चौघं जमले: टाचणी, आजी, काका आणि दाराला टेकून उभी काकांची लेक. डॉक्टरीणबाईंनी पन्हळ काढली. बोट बारकं झालं होतं, कातडी फिकट, पट्टीच्या खुणा उमटलेल्या. त्यांनी तळहात टेबलावर पालथा ठेवायला सांगितला. आजचा दिवस जमला तर आणखी काही आठवडे फक्त झोपताना पन्हळ, त्या म्हणाल्या, आणि मग हळूहळू चेंडू.

"आता फक्त टोक उचल. जोर लावू नको."

टाचणीने काकांकडे पाहिलं. काकांना काय करावं ते सुचेना, तेव्हा ते सवयीने पुटपुटले, "एकोणीस एके."

"एकोणीस," टाचणी म्हणाली, आणि तसाच पाढा चालू राहिला, दबक्या आवाजात, एक पद त्यांचं, एक तिचं. आजीला वाटलं हा औषधोपचाराचाच भाग असावा, म्हणून तिने हात जोडले. काका एकोणीस पंचेपर्यंत आले. तीस वर्षांच्या सवयीने मूठ आपोआप वळली. त्यांनी ती पाठीमागे नेली.

"पंच्याण्णव," टाचणी म्हणाली. "एकोणीस सक एकशे चौदा."

आणि बोटाचं टोक टेबलावरून उठलं. पूर्ण सरळ नव्हे. किंचित, नखाएवढा बाक राहिला होता. काकांनी खिशातून रेघेची दोरी काढली, बोटाच्या कडेला धरून पाहिली, आणि एवढा उतार तर मैदानालाही लागतो, नाही तर पाणी कुठे जाणार, असं म्हणून पुन्हा खिशात घातली. लेक दारातून हसली.

टाचणीने टोक खाली टेकवलं, पुन्हा उचललं. पुन्हा टेकवलं, पुन्हा उचललं. काका कान देऊन ऐकत होते. आवाज कसलाच येत नव्हता.